इथलं इथेच

आवाजात एक खाच होती.

दाराबाहेर स्टुलावर ठेवलेल्या यंत्राचा आवाज एकसारखा असायला हवा होता; त्याचं कामच ते. डब्याएवढं पांढरं यंत्र, आत छोटा पंखा, वर जाळी. चालू केलं की लांब कुठेतरी नळ सोडल्यासारखी सळसळ सुरू होई आणि आतल्या खोलीतलं बोलणं बाहेर बाकावर बसलेल्यांपर्यंत पोचत नसे. समुपदेशन करणाऱ्या बाई कॉलेजात पदार्थविज्ञान शिकल्या होत्या. आवाजाने आवाज झाकायची ही युक्ती त्यांना मनापासून पटली होती. त्या सकाळी मात्र सळसळ मध्येच तुटली. अर्ध्या श्वासाएवढं काहीच नाही, मग पुन्हा सळसळ. पंख्यात धूळ गेली असेल, असं म्हणून बाईंनी समोरच्या माणसाकडे लक्ष दिलं.

समोर चष्म्याचं दुकान चालवणारे एक गृहस्थ बसले होते. पहिलीच भेट. बाईंनी प्रत्येकाला सांगायचं ते त्यांनाही सांगितलं.

"इथलं इथेच राहतं. फक्त तीन दारं सोडून. तुमच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कोणाच्या जिवाला असेल, किंवा न्यायालयाने विचारलं, तर कायद्याने मला बोलावं लागतं. तेही तुम्हाला आधी सांगून, आणि लागेल तेवढंच."

"म्हणजे बाकी भिंती पक्क्या."

"पक्क्या."

चष्मेवाले हसले. "तुमच्या चष्म्याची डावी काडी ढिली आहे, मॅडम. देता का?" खिशातून नखाएवढा स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी ती घट्ट केली, काचा पुसल्या, आणि चष्मा परत देता देताच बोलायला लागले. समोरच्याचे डोळे काही क्षण अधू असताना बोलणं त्यांना सोपं जात असावं.

आई ते पाळण्यात असतानाच गेली. आत्याने वाढवलं, त्यांच्यापायी लग्नही केलं नाही. झटका आल्यापासून ती अंथरुणावर होती. हात-पाय गेले, वाचाही गेली. दिवसा दुकान, रात्री आत्या. "झोप अशी नाहीच. गिऱ्हाइकाचा नंबर काढतो, आणि तक्त्यावरची अक्षरं मलाच दोन-दोन दिसतात." दुकानात जाताना ते बाहेरून कडी लावत. रात्रीसाठी डॉक्टरांनी आत्याला झोपेची अर्धी गोळी दिली होती.

"कधी कधी मी पूर्ण देतो," ते म्हणाले. मग हसतच विचारलं, "हे इथलंच ना?"

हे डॉक्टरांना सांगायला हवं, असं बाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं. घरी येऊन सेवा करणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. त्यांनी मान डोलावली, पण दाराशी पोचून पुन्हा तेच. "तरी इथलंच ना?"

"अजून तरी," बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर बाहेरचं टेबल सांभाळणाऱ्या मावशींनी डोकं आत घातलं. "ताई, तुमचा फुसफुश्या आज दमलाय बरं का. मध्येच दम खातो." यंत्राचं हे नाव मावशींनीच ठेवलं होतं. पुढच्या माणसाच्या वेळी मात्र तो सरळ चालला. त्याच्या पुढच्याही.

पुढच्या आठवड्यात चष्मेवाले आले आणि खाचही आली. आता ती पूर्ण श्वासाएवढी होती.

बाईंनी विजेची कामं करणाऱ्याला बोलावलं. त्याने यंत्र उलटं करून स्क्रू काढले, फुंकर मारली, परत बसवलं. "पंखा फिरला की वाजणार, एवढंच याचं आयुष्य. फिरतोय, वाजतोय. बिघाड नाही."

"मध्येच बंद पडतो. एकदम. आणि लगेच पूर्ण वेगाने सुरू होतो."

"असं कसं होईल, मॅडम? बटण बंद केलं तरी पातं गरगरत गरगरतच थांबणार. तुम्ही तर शिकलेल्या."

बाईंना ते ठाऊकच होतं. म्हणूनच त्याला बोलावलं होतं.

तिसऱ्या भेटीत चष्मेवाल्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं फिकी झाली होती. सेवेच्या बाईंना त्यांनी कळवलं नव्हतं. परक्या माणसासमोर आत्याला लाज वाटेल, म्हणाले. "आता रात्री शांत असते. कण्हणं नाही, काही नाही. श्वास तेवढा ऐकू येतो. लांब कुठेतरी नळ सोडल्यासारखा." ते थांबले. "मध्येच बंद होतो. मी उठून बसतो. मग परत सुरू होतो."

दाराबाहेर सळसळ थांबली. बाईंची नजर दाराकडे गेली. सळसळ पुन्हा सुरू झाली.

"गोळ्या किती देता?"

"झोपेपुरत्या."

"कोणाच्या झोपेपुरत्या?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, काचा पुसल्या, पुन्हा पुसल्या. "हे इथलंच ना, मॅडम?" या वेळी ते हसले नाहीत. निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलासारखे बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले.

बाईंनी तोंड उघडलं. काय म्हणायचं ते ओठांवर आलं होतं. "डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन या," त्या म्हणाल्या. "मग ठरवू."

त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या सरांना फोन केला. ज्यांच्या हाताखाली त्या हे काम शिकल्या, ते वयाने थकलेले, आवाजाने खणखणीत.

"संशयावरून दार उघडलंस तर उद्या तुझ्या बाकावर कोणी बसणार नाही," सर म्हणाले. "पण धोका खरा असेल आणि आत्ताचा असेल, तर मला फोन करण्यातसुद्धा वेळ घालवू नकोस."

"खरा आहे हे कशावरून ठरवू?"

"तू समोर बसतेस. तुझ्याकडे काय आहे?"

बाईंकडे एका पंख्याचा आवाज होता. तो घेऊन कोणाच्या दारात जाणार? एका थकलेल्या भाच्यावर कसला आरोप करणार? "बघते," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि सरांना वाटलं, हिला उत्तर मिळालं.

रविवारी दुपारी नवरा तोंडावर पेपर घेऊन झोपला होता. बाई खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या. पेपर वर-खाली होत होता.

"काय बघतेस?" पेपराखालून आवाज आला. "घोरतोय का मी?"

"नाही. घोर जरा."

"बरी आहेस ना?"

त्या बऱ्या नव्हत्या. कोणाचं तरी ओझं ठेवून घेतल्यासारखं झालं होतं, आणि ते ओझं आठवड्यागणिक जड होत होतं. सोमवारी त्यांनी मावशींना सांगितलं, यंत्र काढून ठेवा, नवीन मागवलं आहे.

चौथ्या भेटीला चष्मेवाले गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाहेर सळसळ चालू होती. नवीन यंत्र आलं वाटतं, बाईंच्या मनात आलं, आणि त्यांना बरं वाटलं. आवाज जरा खोल होता, पण अखंड होता.

"झोप लागते?"

"लागते. आता रोजच लागेल." त्यांनी हात मांडीवर नीट ठेवले. "आज आभार मानायला आलो. पुढे यायची गरज पडणार नाही."

"चिठ्ठी आणलीत?"

"नाही."

"आत्या कशी आहे?"

"सकाळी निघताना कडी लावली," ते म्हणाले. "रोज लावायच्या आधी आत एकदा बघतो. आज बघितलं नाही."

"रात्री किती गोळ्या दिल्या?"

ते चष्मा पुसत राहिले.

बाहेरची सळसळ थांबली.

बाईंनी वाट बघितली. आता सुरू होईल. एक श्वास गेला. आणखी एक गेला. आपण स्वतःचा श्वास रोखून धरला आहे, हे त्यांना छातीत दुखायला लागल्यावर कळलं. खोलीत चष्म्यावर फिरणाऱ्या कापडाचा आवाज तेवढा होता.

त्या उठल्या आणि दार उघडलं.

स्टूल रिकामं होतं.

"यंत्र कुठे आहे?"

"कपाटात," मावशी म्हणाल्या. "तुम्हीच तर सांगितलंत, ताई. नवीन उद्या येणार आहे."

"मग आत्तापर्यंत बाहेर वाजत काय होतं?"

"बाहेर?" मावशींनी बाकावर बसलेल्या दोघांकडे पाहिलं. त्या दोघांनी बाईंकडे. "आम्हाला तर आवाज आतून येत होता. म्हटलं, तुम्ही पंखा लावलाय."

नंतरचं आधीच सांगून टाकलेलं बरं. कडी काढणाऱ्यांना आत्या जिवंत सापडली. आता ती एका शुश्रूषागृहात खिडकीजवळच्या खाटेवर असते. चष्मेवाल्यांना जबाब द्यावा लागला, बरंच काही भोगावं लागलं. पण तिला भेटायची परवानगी मिळाली आहे, परिचारिकेच्या समोर. ते आले की ती डोळ्यांनी ओळखते. तपासणारे डॉक्टर म्हणाले, एवढ्या गोळ्यांवर श्वास मध्ये थांबलाच असणार. परत कसा सुरू झाला, ते काही सांगता येत नाही. बाईंनी ते ऐकून घेतलं.

पण दारात उभ्या होत्या तेव्हा यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. समोर रिकामं स्टूल होतं, मागे तो माणूस, आणि दोहोंमध्ये ती शांतता वाढत चालली होती.

"दार लावा ना, मॅडम," चष्मेवाले हळूच म्हणाले.

बाईंनी दार लावलं नाही. टेबलावरचा फोन उचलला.

"हे इथलंच ना?" चष्मेवाल्यांनी विचारलं. आवाज चिरकला होता. आणि पहिल्या दिवसापासून हा माणूस कुठलं उत्तर मागत होता, ते बाईंना तेव्हा उमगलं.

"नाही," बाई मोठ्याने म्हणाल्या. बाकावरच्यांनी ऐकलं, मावशींनी ऐकलं. "हे आता इथलं राहिलं नाही. मी बाहेर सांगते आहे. आत्ता. पत्ता बोला."

चष्मेवाल्यांचे खांदे खाली आले. पेलवत नसलेलं काही हातातून कोणी काढून घ्यावं तसे ते सैल पडले, आणि रडता रडता, एका दमात, त्यांनी घराचा पत्ता सांगितला.

रिकाम्या स्टुलावर कोणीतरी खोल श्वास आत घेतला, आणि सळसळ पुन्हा सुरू झाली.