बेसिन नसलेली प्रयोगशाळा

"नूपुर, इथल्या प्रयोगशाळेत बेसिनच नाही. मग प्रयोग झाल्यावर परीक्षानळ्या आम्ही कुठे रिकाम्या करत असू? सांग बघू."

आईनं कोडं घातलं आणि चंद्राशी बोलण्याची वेळ संपली. आई, म्हणजे परतवाड्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्रतिभा वानखडे बाई, दोन महिन्यांपासून चंद्रावरच्या प्रशिक्षण केंद्रात होत्या. हरित रसायनशास्त्र (घाण करून मग ती निस्तरण्याऐवजी मुळात होऊच न देणारं रसायनशास्त्र) मुलांना कसं शिकवायचं, हे तिथे शिक्षकांना शिकवत.

नूपुरला कोड्यापेक्षा आई हवी होती. वेणी सोडता सोडता "आज वर्गात काय झालं?" असं विचारणारी. पण उत्तर सापडलं तर उद्या बोलायला काहीतरी असेल, म्हणून ती विचार करत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "तुम्ही काही ओतून देतच नाही."

तिचा आवाज चंद्रावर जाऊन उत्तर परत यायला अडीच सेकंद लागत. तेवढा वेळ ती पडद्यावरच्या आईकडे बघत राहिली.

"बरोबर. इथे पाण्याचा थेंबही वाया घालवता येत नाही. म्हणून प्रयोगच थेंबांचे. बाबांकडून चिमूटभर मोरचूद घे."

संत्र्याच्या झाडांवर फवारायला बाबांकडे मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) असेच. हातमोजे घालून त्यांनी ते पाण्यात विरघळवलं. नूपुरनं प्लास्टिकच्या तुकड्यावर चार निळे थेंब ठेवले, त्यात घासलेली लोखंडी तार टेकवली. थोड्या वेळानं तारेवर तांबूस थर चढला. लोखंडानं द्रावणातल्या तांब्याची जागा घेतली होती (विस्थापन).

"शाळेत प्रत्येकाला वीस मिलिलिटर द्रावण लागायचं," नूपुर म्हणाली. "हे त्याचा शंभरावा हिस्साच असेल. तरी कळलं तेवढंच."

आई हसली. "पुढच्या तुकडीला मी शिकवावं, असं केंद्रातले लोक म्हणतात. अजून चार महिने. मी होकार दिलेला नाही."

"त्या तुकडीत कोण आहे?"

"तीस शिक्षक. दोघे मेळघाटातले. प्रत्येकाच्या वर्गात तुझ्याएवढी चाळीस मुलं."

'ये' हा शब्द नूपुरच्या ओठांवर आला होता. "थांब तू. शिकव त्यांना," ती म्हणाली आणि रडू दिसू नये म्हणून पडद्यासमोरून उठली.

बाबा शेजारी येऊन बसले.

"तोवर वर्गात मी हा प्रयोग दाखवीन," डोळे पुसत ती म्हणाली. "पुढचे आई आल्यावर."

"चारच महिने आता."

"आणि तीन दिवस, बाबा. परतीच्या प्रवासाचे."