बाल्कनीतला नोव्हेंबर

आमच्या घरी दिवाळी पंचांग बघून येत नाही, बोट बघून येते. घरातला माणूस ज्या दिवशी बोटीवरून उतरून घरी पोचेल, त्या दिवशी अभ्यंगस्नान, त्या दिवशी फराळ. मी बोटीवर होतो तेव्हा एकदा स्मिताने मला शिमग्याच्या आसपास उटणं लावलं होतं. आता मी सिंगापूरला तुआसच्या शिपयार्डात किनाऱ्यावरची नोकरी करतो आणि बोटीवर आमचा मुलगा रुचिर आहे, फोर्थ इंजिनिअर.

त्यामुळे नोव्हेंबर संपत आला, सिंगापूरभरच्या मराठी घरांतले डबे रिकामे झाले, तरी आमच्या बाल्कनीत चिवड्याचे पोहे वाळत पडले होते. वाळत कसले, नुसतेच पडले होते. माझी चिडचिड तिथून सुरू झाली.

जुरोंग ईस्टला बाराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, समोर जुरोंगचं तळं. दुपारी बाल्कनीची फरशी पायाला चटका देते. अशा ठिकाणी पातळ पोहे तासाभरात कुरकुरीत व्हायला हवेत. ते संध्याकाळी हातात घेतले तर मऊ, ओलसर आणि चक्क गार लागत होते.

"तुझा एअरकॉन गळतोय," मी किमयावर खेकसलो. ही आमची धाकटी, तिच्या खोलीची खिडकी बाल्कनीला लागून आहे.

"ऑफ ऑलरेडी लाह, पपा," ती पुस्तकातून मान वर न करता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

एअरकॉनवाल्याला बोलावलं. त्याने उघडून पाहिलं, बंद केलं, "नो प्रॉब्लेम, सर" म्हणाला आणि गेला. काँडोच्या, म्हणजे आमच्या सोसायटीच्या, ऑफिसात तक्रार केली, तर तिथल्या बाईंनी मलाच घरात पंखा लावायचा सल्ला दिला. माणसाने डोकं आपटायचं तरी कुठे!

दुसऱ्या दिवशी बाल्कनीच्या दाराची काच धुरकटली. या शहरात काच धुरकटते ती बाहेरून, कारण आत एसी असतो आणि बाहेर दमट उकाडा. आमची काच आतल्या बाजूने धुरकटली होती. म्हणजे बाल्कनी घरापेक्षा गार होती. विषुववृत्ताजवळ, भर दुपारी. खाली स्विमिंग पूलमध्ये पोरं उन्हात डुंबत होती. मी दार सरकवून हात बाहेर काढला आणि मागे घेतला. तो गारवा माझ्या ओळखीचा होता, पण इथला नव्हता.

दाराशेजारच्या भिंतीवर माझ्या जुन्या बोटीवरचा पितळी बॅरोमीटर टांगलाय. बोट भंगारात गेली तेव्हा आठवण म्हणून आणलेला. सिंगापुरात तो निव्वळ शोभेची वस्तू आहे. इथे हवेचा दाब दिवसातून दोनदा केसभर हलतो, बास. त्या दुपारी काटा चांगला बोटभर खाली उतरला होता, समुद्रात वादळाआधी उतरतो तसा. मी काचेवर टिचकी मारली. तो आणखी उतरला.

"बिघडलाय," मी म्हटलं.

"बिघडला नाही," स्मिता म्हणाली. तिच्या अंगावर माझी जुनी लोकरी शाल होती.

आता सांगायला हवं की रुचिरची बोट तेव्हा अमेरिका आणि कॅनडाच्या मधल्या मोठ्या तळ्यांत होती, गहू भरायला. तळी म्हणायचं एवढंच. पलीकडचा काठ दिसत नाही. मी कॅडेट असताना तिथे एक हिवाळा काढलाय. शरद संपताना तिथली हवा इतकी लहरी होते की सकाळी ऊन, दुपारी गारठलेला पाऊस आणि संध्याकाळी बोटी मोडणारं वादळ. या वर्षीचा अंदाज वाईट होता. मी तो रोज फोनवर बघत होतो आणि स्मिताला सांगत नव्हतो. मला भीती वाटत होती. ती चिडचिड त्या भीतीचीच होती.

स्मिताला न सांगताही कळलं होतं. बोट तळ्यांत शिरायच्या आधी रुचिरचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तिने स्क्रीनवरच्या त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडकडा बोटं मोडली. अलाबला घेतली. आया घेतातच. पण घेताना ती जे पुटपुटली, ते मी शेजारी उभा राहून ऐकलं होतं. "तिथलं जे काय असेल ते इकडे येऊ दे."

बॅरोमीटर उतरला त्याच दुपारी रुचिरचा फोन आला.

"बाबा, इथे काय उकडतंय!"

"चेष्टा करू नकोस. तिकडे वादळाचा इशारा आहे."

"आईशप्पथ! बाकीच्या बोटी नांगर टाकून बसल्यात, रेडिओवर नुसता आरडाओरडा चाललाय. आमच्याभोवती मात्र पाणी सपाट. सगळे टी-शर्टवर आहेत. कॅप्टन कोणाशी बोलतच नाहीये."

त्याच्या मागे कोकिळा ओरडत होती. जुरोंगच्या कोकिळा पहाटेपासून डोकं उठवतात, तोच आवाज. आमच्याकडे दोन दिवस एकही ओरडली नव्हती.

फोन कटला. मी वळलो. स्मिता बाल्कनीत होती आणि दार तिने बाहेरून ओढून घेतलं होतं.

पोहे उडाले. चादरीसकट.

मग काचेवर तडतड वाजू लागलं. पाऊस नव्हता तो, बर्फाचा चुरा होता, आडवा येणारा.

"आत ये!" मी दार खेचलं. ती पलीकडून धरून उभी होती. तिच्या हातांत एवढी ताकद कधी नव्हती.

"त्याची बोट अजून पाण्यात आहे," ती म्हणाली.

मी ओरडलो, दारावर लाथा घातल्या. खाली पूलवर कोणी वर बघितलंसुद्धा नाही.

बॅरोमीटरचा काटा तबकडीच्या तळाला टेकला. काच पांढरी झाली. स्मिता दिसेनाशी झाली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. कोकिळा ओरडली. दार आपोआप सरकलं आणि स्मिता आत आली, केस ओले, हसरी. "लागली बोट बंदराला," ती म्हणाली.

लागली होती. पुढे महिन्याभराने रुचिर घरी आला, धडधाकट, तिकडच्या विचित्र उन्हाने रापलेला. तोवर तिकडची बंदरं गोठायला लागली होती. नवे पोहे अर्ध्या तासात वाळले. आकाशकंदील लागला, पाट मांडला. स्मिताने खोबरेल कोमट करून वाटीत घेतलं आणि रुचिरच्या पाठीला लावायला बसली.

तो दचकला. "आई, हात किती गार!"

"असू दे," ती म्हणाली.

तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवले आणि कानशिलांवर बोटं मोडली. कडकड झाली नाही. एकच खोल, लांबलचक आवाज आला, या काठापासून त्या काठापर्यंत गेल्यासारखा. गोठलेलं तळं रात्री तडकतं ना, तो. रुचिरने माझ्याकडे बघितलं. त्यालाही तो आवाज ठाऊक होता.

"मार्चअखेर बर्फ सुटतो ना हो तिकडचा?" स्मिताने स्वतःच्या हातांकडे बघत मला विचारलं.

"सुटतो," मी म्हटलं.

ती उटणं कालवायला आत गेली. मी वाटी उचलली. आताच कोमट केलेलं खोबरेल, तिची बोटं बुडाली होती तिथून, इथल्या उकाड्यात गोठून पांढरं झालं होतं.