गार्डच्या डब्याची जागा

टेस हार्डवेअरच्या दुकानातून जोडकामाच्या डाखाची तार आणि एक स्विच घेऊन आली, तेव्हा अंगणातला बर्फ गुडघ्याला लागत होता आणि सासूबाई ओट्याशी सफरचंदं सोलत होत्या. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरातल्या गावात सासूला सरळ नावाने हाक मारतात. टेसच्या तोंडून मात्र लग्नाला दोन महिने झाले तरी 'वेल्मा' निघत नव्हतं, आणि 'मॉम' तर त्याहून नाही. ती आधी खाकरायची, मग बोलायची.

"मी खोकल्याशी लग्न केलंय," रॉय म्हणायचा.

तळघरात रॉयच्या वडिलांची, गसची, विजेवर चालणारी छोटी रेल्वे होती. जन्मभर खऱ्या मालगाडीवर गार्ड म्हणून काढल्यावर त्याने घरात डोंगर, पूल आणि बोगदा उभा केला होता. संध्याकाळी तो खुर्चीत बसून गाडी सोडायचा. डोंगराच्या पलीकडे वेल्मा इस्त्री करत असायची. उघड्या डब्यातून तिच्यासाठी एक पेपरमिंटची गोळी जायची; ती गोळी तोंडात टाकून वेल्मा अख्खी गाडी हाताने उलटी फिरवून परत धाडायची. "वळसा जोडला की गाडी आपली आपण फिरून येईल," गस दरवर्षी म्हणायचा. वळशाचे रूळ टाकून झाले, तारा जोडायच्या राहिल्या. ऑक्टोबरात त्याला दवाखान्यात नेलं, तो परत आला नाही.

उद्या छोट्या रेल्वेच्या क्लबातले लोक सगळं सोडवून न्यायला येणार होते. वेल्मा सकाळी, सफरचंदाला सांगावं तसं म्हणाली होती, "एकदा त्या गाडीला आपणहून परत येताना बघायचं होतं."

टेस कानाची यंत्रं दुरुस्त करायची. माणसांपेक्षा तारांशी तिचं बरं जमायचं. वळशातली गोम तिला कळत होती: रूळ फिरून स्वतःलाच येऊन मिळतो, तेव्हा डावा उजव्याला भेटतो आणि शॉर्ट सर्किट होतं. म्हणून दोन्ही तोंडांशी दोन्ही रूळ बारीक कापायचे. अख्खी गाडी त्या तोडलेल्या भागात शिरली, की बाहेरच्या रुळांची वीज उलटी करायची. शेवटचं चाक जरी कापावर राहिलं, तरी ठिणगी. तिने इंजिन आणि चार डबे मोजले, त्याहून बोटभर जास्त जागा धरून करवत चालवली.

गाडी बोगद्यात शिरली. वरचा पिवळा दिवा मंद होता. डाखाचा राळेसारखा वास कोंडला होता. इंजिनामागचा प्रत्येक डबा कापावरून जाताना टक आवाज यायचा. चौथा टक ऐकून तिने नव्या स्विचचा खटका उलटा केला.

ठिणगी. सगळं बंद.

"काय जळतंय? केक की बायको?" रॉय वरून म्हणाला.

तिने डोंगरामागे वाकून पाहिलं. गाडी पूर्ण आत होती. शेवटचं चाक कापापासून बोटभर पुढे. मागे रिकामे रूळ. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने खटक्यावर नुसता हात ठेवला आणि ऐकत राहिली.

चौथा टक झाला. मग थोड्या वेळाने, हलकेच... आणखी एक.

तिने झटकन मागे वळून पाहिलं. जिन्यावर वेल्मा उभी होती, हातात सोलायची सुरी तशीच.

"गाडी कुठपर्यंत मोजलीस, पोरी?"

"शेवटच्या... डब्यापर्यंत."

"गार्डचा डबा धरला नाहीस."

"पण तो तर... डब्यांच्या फळीवर नाहीये."

"नसणारच. मी तो त्याच्या कोटाच्या खिशात घातला, शवपेटी बंद करायच्या आधी." वेल्माने सुरी खाली ठेवली. "त्याच्याशिवाय गस गाडी सोडायचा नाही. त्यात दिवा होता बघ, चाकांतून वीज घेणारा."

टेसने जुने काप डाख लावून जोडले आणि एका डब्याइतके मागे नवे कापले. रेघ सरळ आली. वेल्मा गसच्या खुर्चीत बसली. तिने एप्रनच्या खिशातून एक पेपरमिंट काढून उघड्या डब्यात ठेवली.

गाडी गेली. चार टक. पाचवा. टेसने खटका उलटा केला.

काही झालं नाही. डोंगरात घरघर चालू राहिली, गोल फिरली, आणि बोगद्याच्या तोंडातून इंजिनाचा दिवा बाहेर आला, त्यांच्याकडे तोंड करून. रॉय पायरीवर येऊन उभा होता.

गाडी वेल्मापुढे थांबली. उघडा डबा रिकामा होता.

"पडली असेल आत," रॉय हळूच म्हणाला.

"असेल," वेल्मा म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "रॉय, त्या क्लबवाल्यांना फोन कर. म्हणावं, येऊ नका."

नंतर टेसने इंजिन आणि डबे उचलून फळीवर ठेवले. रुळांवर काहीच उरलं नाही. तिने बटणाकडे हात नेला आणि थांबली. रुळांतून किती वीज जाते ते दाखवणारा काटा शून्यावर यायला हवा होता. तो शून्याच्या किंचित वर होता, एका लहान दिव्यापुरता.

"मॉम," ती न खाकरता म्हणाली, "बंद करू?"

"राहू दे गं," वेल्मा म्हणाली. "तो अजून उतरला नसेल."