बाबांचा क्लोजअप

टीव्हीसाठी कमी खर्चात काढलेला झॉम्बीपट होता. शूटिंग एका बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात चालू होतं आणि मेकअप माझ्याकडे होता. प्रेतं कमी पडायला लागली तेव्हा मी बाबांना घेऊन गेले. उभ्या हयातीत त्यांनी दरवान, गर्दीतला माणूस, पाठमोरा वकील असलीच कामं केली होती. दिग्दर्शकाने त्यांना क्लोजअप कबूल केला, तेव्हा आईने त्यांचा सदरा दोनदा इस्त्री केला.

जिलेटिन, कॉफीची पूड आणि लाल रंग शिजवून मी त्यांच्या डाव्या गालावर जखम चिकटवली. संध्याकाळी ती सहज निघाली. खालची कातडी मात्र फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी पांढरी, सुरकुतलेली होती. गोंद सोसला नसेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी माश्या आल्या. सगळी प्रेतं रांगेने जेवायला बसली होती, पण माश्या होत्या फक्त बाबांच्या गालावर. ते हाकलतही नव्हते. एक माशी जखमेत शिरली ती बाहेर आलीच नाही. ते शांतपणे घास चावत राहिले. जवळ गेले तर गोडसर, सडका वास आला. स्वतःच्या वडिलांसमोर मी नाकाला रुमाल लावला.

"बाबा, मी एवढी मोठी नव्हती लावली."

"तूच लावलीस की सकाळी. दुखत नाही गं. क्लोजअप होऊ दे."

क्लोजअपमध्ये त्यांनी तोंड मिटलेलं ठेवलं, तरी गालातून आतल्या दाढा दिसत होत्या.

"मानलं तुला," दिग्दर्शक मला म्हणाला.

मी गालाला भोक पाडलं नव्हतं.

तिथून त्यांना थेट डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दारातच हात आडवा केला. "आधी तो मेकअप काढून आणा. बाहेर लहान मुलं बसलीत."

घरी मी तेलात भिजवलेला कापूस त्यांच्या गालावरून फिरवला. करड्या, चिकट तारा सुटत होत्या. कापसामागून कापूस भरत गेला. रक्त मात्र कुठेच नव्हतं. बाबा शॉट कसा झाला ते रंगवून सांगत होते आणि प्रत्येक शब्दाबरोबर गालातून फुसफुस हवा येत होती. मला बेसिनमध्ये भडभडून ओकारी झाली.

आईने माझ्या हातातून कापूस घेतला. "तू पड जरा. मी बघते."

"सकाळी मोठ्या दवाखान्यात नेऊ या," मी म्हणाले.

ती नवा कापूस तेलात बुडवत राहिली.

सकाळी बाबा टेबलाशी पेपर वाचत बसले होते. दाढी गुळगुळीत, गाल भरलेला, चांगला गुलाबी.

"उगाच घाबरलीस," ते म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. मी दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला.

गाल गार होता. अंगठ्याखाली तो किंचित सरकला.

कानापाशी एक बारीक कड सुटली होती. गोंद अजून ओला होता.

मी हात काढून घेतले.

आई सिंकपाशी उभी राहून माझे ब्रश धूत होती. मागे वळून न बघताच ती हळू आवाजात म्हणाली, "चेहरा जमला मला. हातांचा रंग तेवढा तू लावून दे."