दुरडीखालचे पीठ

गेल्या महिन्याचे भयपटाचे परीक्षण मोबाइलवर का आले नाही, अशी विचारणा आपल्यापैकी अनेकांनी केली. काहींनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली. एका सद्गृहस्थांनी तर ‘मास्तरांना शेवटी भूत भेटलेले दिसते’ असे लिहून खाली हसरे चेहरे काढले. विचारणाऱ्याला उत्तर द्यावे, हा शिष्टाचार मी आजवर पाळत आलो आहे. म्हणून हे सांगतो. आपण स्वस्थ बसून ऐकावे. समोरचा टीव्ही चालू असेल तर तेवढा बंद करावा.

प्रथम एक दुरुस्ती. मी मास्तर नाही आणि कधीही नव्हतो. माझे शालेय शिक्षण सातवीत थांबले. पुढे किन्हवलीच्या एका वाचनालयात पुस्तके देण्याघेण्याचे काम करताना जी पुस्तके कोणी नेत नसे, ती मी वाचली. त्यातून जे काही शिकलो, त्याला लोक मास्तरकी म्हणतात. भुतांवर माझा विश्वास नाही, अचूकतेवर आहे. भयपटांकडे मी वळलो तो याच कारणाने. माणूस घाबरला की चुका तपासत नाही, हे त्या दिग्दर्शकांना पक्के ठाऊक असते.

शेणव्याच्या आमच्या घरी मी आणि माझी पत्नी जनाबाई, अशी दोघेच राहतो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस धाकटी मुलगी कुणाली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिचे यजमान शेखरराव कल्याणला नोकरी करतात. दिवसभर पडून राहण्याचा तिला कंटाळा येई. मी टीव्हीवर भयपट लावून त्यातील चुका मोठ्याने सांगत असे, ते ऐकून एके दिवशी ती म्हणाली, “बाबा, तुमी टीव्हीशी एवढं भांडताय, ते फुकट जातंय. थांबा, मोबाइल लावते. लोकांना पण ऐकू दे.”

आमच्या परीक्षणांचा आरंभ हा असा झाला.

आमची पद्धत ठरलेली होती. सकाळचा चहा झाला की ओटीची खिडकी लावायची, पडद्यावर उजेड पडू नये म्हणून दाराला चादर टांगायची, आणि चित्रपट दोनदा पाहायचा: एकदा आवाजासह आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून. आवाज बंद केला की भयपटातील बहुतेक भय निघून जाते. मग उरतात ते दमलेले नट, जुने म्हणून दाखवलेले नवे कोरे सामान आणि चुकीच्या दिशेने पडलेल्या सावल्या. जनाबाई टीव्हीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसे आणि मध्येच विचारी, “मेली का ती?” कुणाली म्हणे, “नाय गो आई, अजून गाणं बाकी हाय.”

त्या दिवशीचा चित्रपट नवा होता. त्याचे नाव मी सांगणार नाही. मुरबाडकडच्या एका शेतघरात तो चित्रित झाला असावा, कारण खिडकीतून दिसणारा डोंगर माझ्या परिचयाचा होता. त्यात घरातील वृद्धा मरण पावते आणि तिची सून पितळी ताटात पिठाचा ढीग करते, त्यात मेणबत्ती खोचते आणि संस्कृतात काहीतरी पुटपुटते. सकाळी त्या पिठात रक्ताने भरलेले खूर उमटलेले असतात.

“मेणबत्ती!” मी म्हणालो. “आणि पीठ पाहिलेस? गव्हाचे आहे!”

“गहू कुठला इथं,” जनाबाई मागे वळून न पाहता म्हणाली. “रेशनचा दळला असंल.”

कुणाली हसली आणि तिने मोबाइल माझ्याकडे वळवला. “मग बाबा, बरोबर कसं असतं ते सांगा. नाय, सांगू नका. करूनच दावा.”

आपल्यापैकी जे शहरात वाढले, त्यांच्यासाठी येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. आमच्याकडे माणूस गेले, की ज्या जागी त्याने प्राण सोडला तेथे तांदळाचे पीठ पातळ पसरतात, शेजारी तेलाचा दिवा ठेवतात आणि पिठावर दुरडी पालथी घालतात. मग घरातील वडीलधाऱ्याने म्हणायचे, “कुणाच्या रूपाने येशील, ती खूण ठेवून जा.” इतके म्हणून मागे न पाहता बाहेर पडायचे. नंतर दुरडी उचलली, की पिठावर कधी पाखराचा पाय दिसतो, कधी सापाची रेघ, कधी मुंग्यांची वाट. गेलेला जीव कोणत्या रूपात परत येणार, ते त्यावरून ओळखायचे. इतकी साधी रीत आहे. तिला संस्कृत लागत नाही आणि रक्तही लागत नाही.

मी पीठ मागितले तेव्हा जनाबाईने तांदळाचे सूप खाली ठेवले.

“दावायचं तर दावा,” ती म्हणाली. “दिवा दावा, दुरडी दावा. पण ता शेवटचं बोलू नका.”

“का बरे?”

“आपल्या घरातून कुणी गेलेलं नाय. मग या म्हणून सांगताय कुणाला? आणि घरात पोटुशी पोरगी हाय.”

“आई, शूटिंग हाय गो ते,” कुणाली म्हणाली. “बाबा काय खरं करतायत काय!”

जनाबाईने तिच्याकडे पाहिले नाही. ती माझ्याकडेच पाहत होती. मी मान डोलावली. मात्र अपूर्ण उतारा देणे आणि चुकीचा उतारा देणे यांत मला कधीही फरक वाटलेला नाही. दुसऱ्याचे अज्ञान दाखवून द्यायचे आणि स्वतः अर्ध्यावर थांबायचे, हे माझ्या हातून होण्यासारखे नव्हते.

ओटीच्या फरशीवर मी वस्त्रगाळ पीठ पसरले. दिवा लावला. दुरडी पालथी घातली. कुणालीने मोबाइल उभ्या काठीवर बसवला आणि ती त्याच्या मागे उभी राहिली. जनाबाई आत चुलीपाशी होती. मी ते वाक्य स्पष्ट उच्चारात, एकही शब्द न गाळता म्हणालो.

काहीही झाले नाही. हे मी मुद्दाम नमूद करतो. वारा सुटला नाही, दिवा विझला नाही, कुत्रे रडले नाही. दिव्याची ज्योत कमी होत जाताना झरझर दाखवता येते म्हणून कुणालीने मोबाइल तसाच चालू ठेवला, आणि ओटीचे दार ओढून घेऊन आम्ही मागच्या बाजूला जेवायला बसलो.

भात झोडून झालेला होता आणि उडवीतल्या पेंढ्याचा कोरडा वास अंगणातून येत होता. हळूहळू त्या वासात दुसरा वास मिसळू लागला. उबदार, किंचित कडवट, ओळखीचा... पण कशाचा, ते मला आठवेना.

जनाबाईचा घास हातातच राहिला. “शेगडीत ओवा कुणी टाकला?”

शेगडी माळ्यावर होती. कुणाली बाळंत झाल्यावर खाटेखाली ठेवायची म्हणून ती घासूनपुसून बांधून ठेवलेली होती. घरात बाळंतीण नव्हती आणि बाळंतिणीच्या खोलीतील ओव्याशेपाच्या धुरीचा वास माजघरभर पसरला होता.

“शेजारून येत असेल,” मी म्हणालो.

“शेजारी कोण बाळंत झालंय?” तिने विचारले.

दिवेलागणीला आम्ही तिघे ओटीवर आलो. दिवा अजून तेवत होता. दुरडी जेथे ठेवली होती तेथेच, तशीच होती. कुणालीने मोबाइल हातात घेतला, त्याचे चित्रण केव्हाच बंद पडले होते. मी खाली वाकून दुरडी उचलली.

पिठाच्या मधोमध एक पाऊल होते. तान्ह्या मुलाचे, माझ्या अंगठ्याएवढे. पाचही बोटे स्पष्ट, टाच गोल, आणि बोटांची दिशा माजघराकडे. एकच पाऊल. उंदीर, पाल, मांजर... मी सगळी नावे मनात घेऊन पाहिली. मग मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले, आणि मला जे दिसले ते कसे सांगावे, हे आजही मला नीट ठरवता येत नाही. ठसा खोलगट असतो. हा खोलगट नव्हता. त्या पावलापुरते पीठ फरशीपासून वर उचललेले होते.

“बाबा,” कुणाली अगदी हळू म्हणाली, “हे वरून नाय उमटलेलं.”

“म्हणजे?”

“झोपल्यावर माझ्या पोटावर अशीच टाच येते. आतून.” तिने हात पोटावर ठेवला. तो तेथेच राहिला. मग सरकला. मग दुसरा हात आला. “बाबा... हा जेवल्यापासून हललाच नाय.”

जनाबाई ओरडली नाही. तिने डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि म्हणाली, “अमोलला हाक मारा. गाडी काढाया सांगा.”

अमोल हा शेजाऱ्यांचा मुलगा. त्याची भाड्याची गाडी आहे. शहापूरच्या रस्त्याला त्याने ती अशी काही हाणली, की एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते.

“काकी, घाबरू नका,” तो आरशातून म्हणाला. “टाइम नाय लागणार. खड्डेच तेवढे आडवे येतात.”

मागच्या आसनावर जनाबाई कुणालीच्या पोटाशी तोंड नेऊन बोलत होती. “हल रे बाळा. एकदा हल. लाथ मार तुझ्या आयेला. मार रे, कुणी रागावणार नाय...” कुणाली डोळे मिटून ओठ चावत होती. मी पुढे बसून समोरच्या काचेकडे पाहत होतो. आयुष्यभर जे वाचले त्यातील एकही वाक्य मला त्या वेळी उपयोगी पडले नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावले. बराच वेळ नुसती खरखर. मग फार दुरून, फार सावकाश ठोका ऐकू आला. “आहे,” त्या म्हणाल्या, “पण मंदावलाय. थांबता येणार नाही.” त्यांनी शस्त्रक्रियेसाठी कुणालीला आत नेले. शेखरराव कल्याणहून पोहोचले तेव्हा आतून रडण्याचा आवाज येत होता. मुलगा. वजन चांगले, रंग चांगला, आवाज खणखणीत. शेखरराव भिंतीला टेकून हसू लागले, अमोल पेढे आणायला धावला, आणि मी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. घाबरलेल्या माणसाला पिठातही पाय दिसतात, असे मी स्वतःला बजावले. माझी बुद्धी पुन्हा जागेवर येऊन बसली.

त्याच बुद्धीने मला पुढचे काम सुचवले. कुणालीचा मोबाइल माझ्याजवळ होता. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ओटीवरचे चित्रण तपासले; पद्धतीप्रमाणे आधी आवाज बंद करून. दुरडीजवळ कोणी गेले नव्हते. दुरडी हलली नव्हती. दिवा, दुरडी, फरशी, आणि पुन्हा तेच. भयपट म्हणून मी त्याला एकही गुण दिला नसता.

मग शेखररावांकडून कानात घालायची यंत्रे मागून घेऊन मी ते आवाजासह लावले. माझा आवाज आला: “कुणाच्या रूपाने येशील, ती खूण ठेवून जा.” त्यानंतर क्षणभर शांतता. आणि मग मोबाइलच्या मागून, अगदी जवळून, कुणालीचा आवाज: “ओ.”

कोणीतरी नाव घेऊन हाक मारावी आणि आपण सहज उत्तर द्यावे, तसा.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारले, “काल चित्रण करताना तू ओ कोणाला दिलीस?”

“मी?” ती म्हणाली. “बाबा, मी तर श्वास धरून उभी होते. तुमचं वाक्य बिघडंल म्हणून.”

ते चित्रण मी पुसून टाकले. परीक्षण आले नाही, त्याचे कारण हे.

येथे थांबता आले असते तर बरे झाले असते. परंतु तिसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात डबा घेऊन गेलो, तेव्हा शेखरराव औषधे आणायला गेले होते. खिडकीतून स्वच्छ ऊन खाटेवर पडले होते. कुणाली उशांना टेकून बसली होती, बाळ तिच्या दोन्ही हातांवर झोपले होते आणि जनाबाई त्याच्या टाळूला तेल लावत होती. इतके सुंदर दृश्य मी आमच्या घरातही पूर्वी पाहिले नव्हते. मी जवळ गेलो. कुणालीने मान वर केली. तिच्या ओठांवर रंग नव्हता.

“बाबा,” ती म्हणाली, “आत अजून हलतंय.”

मी डॉक्टरीणबाईंना बोलावले. त्यांनी तपासले आणि हसून सांगितले, की गर्भाशय आकसताना अनेकींना असा भास होतो, चार दिवसांत जातो. मी त्यांचे आभार मानले. त्या गेल्यावर तेच सर्व मी जनाबाईला पुन्हा, सावकाश, शुद्ध मराठीत समजावून सांगितले. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग हाताचे तेल पदराला पुसले, टाक्यांना धक्का लागणार नाही अशा बेताने आपला तळवा कुणालीच्या पोटावर ठेवला.

बाहेर कोणीतरी बादली ओढत नेत होते. तो आवाज लांब गेला.

जनाबाईने हात काढला नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. ती कुणालीकडे पाहत नव्हती, बाळाकडेही नाही; स्वतःच्या मनगटाकडे पाहत होती, आणि तिचा खांदा हळूहळू मागे ताणला जात होता.

“सोड,” ती म्हणाली. अगदी हलक्या आवाजात, झोपलेल्याला जाग येऊ नये तशी. “सोड रे... सोड.”

कुणालीचे दोन्ही हात बाळाखाली होते.