राखण्या गप्प का बसला

प्रयोगशाळेच्या पडद्यावर एक तांबडा कोंबडा मान वाकडी करून, एकच डोळा वर लावून आभाळ न्याहाळत होता. मग एकदम त्याच्या घशातून "ट्रीऽऽई" असा बारीक, लांबट आवाज निघाला आणि भोवतीच्या सगळ्या कोंबड्या करवंदीच्या जाळीत गडप झाल्या. अंगणात फक्त धूळ राहिली, आणि धुळीवरून सरकत गेलेली एक रुंद सावली.

"पुन्हा लावू?" डॉ. इनामदारांनी विचारलं.

"नको," अन्वी म्हणाली. "कालचंच आठवतं मला."

काल टेपवाडीतल्या चंद्राकाकूंची कोंबडी मोरघारीनं उचलली. भरदिवसा, परसातून, आणि वर पेरूच्या झाडाला राखण्या टांगलेला असताना!

राखण्या म्हणजे तळहाताएवढा डबा. त्याला एक फिरता काचेचा डोळा आणि एक जाळीदार तोंड. शिकारी पक्षी दिसला की तो कोंबड्याच्या आवाजात इशारा देणार आणि कोंबड्या लपणार. आधी साधा भोंगा लावून पाहिला होता. आठवड्याभरात कोंबड्या भोंग्यावर चढून बसायला लागल्या. कोंबड्याच्या इशाऱ्याची मात्र त्यांना कधीच सवय होत नाही, कारण कोंबडा उगाच ओरडत नाही. ही कल्पना अन्वीच्या आत्याची, डॉ. कुंदा भांगरे यांची. घाटाच्या पायथ्याचं पक्षीवर्तन केंद्र त्याच चालवायच्या. डब्यातला मेंदू डॉ. फिरोज इनामदारांनी घडवला होता.

आणि तो टेपवाडीच्या घराघरात नेला होता नववीतल्या अन्वी भांगरेनं. मोरघारीच्या धाकानं बायकांनी कोंबड्या खुराड्यात कोंडल्या होत्या. आत दाटीवाटीनं त्या एकमेकींची पिसं उपटत होत्या, रोगानं मरत होत्या. अन्वी प्रत्येक दारात उभी राहून म्हणाली होती, "सोडा त्यांना मोकळं! काही झालं तर मी जबाबदार!" किती झोकात म्हणाली होती!

"तुझा प्लास्टिकचा कोंबडा नुसता बघत बसला गं, अनू," चंद्राकाकू काल म्हणाल्या होत्या. "एक चकार शब्द नाही काढला मेल्यानं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी उलट चहा केला.

"डबा बिघडलेला नाही," इनामदार आता म्हणाले. "मोरघार त्याला दिसली होती. धोका त्यानं अचूक ओळखला होता. आणि ओळखून तो गप्प बसला."

"गप्प बसला? मुद्दाम?" अन्वी जवळजवळ किंचाळलीच.

आत्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फिरोज, आपण त्याला शिकवलं काय?"

"कोंबडा कधी ओरडतो आणि कधी ओरडत नाही, एवढंच. वर्तन-अनुकरण. हजारो चित्रफिती दाखवल्या. मोरघार कशी दिसते हे वेगळं शिकवलंच नाही, ते कोंबड्याच्या वागण्यावरून तो आपलं आपण शिकला."

"मग कोंबड्याचा स्वभावही शिकला," आत्या म्हणाली. "एकटा कोंबडा मोरघार दिसली तरी ओरडत नाही, बाई. जमिनीला चिकटून राहतो. ओरडलं की आपण कुठे आहोत ते वरच्याला कळतं ना! आसपास त्याच्या कोंबड्या असतील तरच तो धोका पत्करतो. याला म्हणायचं श्रोता-परिणाम."

"म्हणजे हिशेब करतो?" अन्वीनं विचारलं.

"पक्का. एका पारड्यात आपला जीव, दुसऱ्यात ऐकणाऱ्यांचा. चंद्राच्या परसात एकुलती एक कोंबडी. तिचं वजन कमी पडलं."

"पण त्याला कुठे जीव आहे, आत्या? डबा आहे तो! मोरघार काय डबा खाणार आहे?"

"हे आपल्याला माहीत आहे," आत्या म्हणाली. "त्याला माहीत नाही."

"मग त्याची भीती काढून टाका!"

इनामदारांनी मान हलवली. "त्याची सगळी अक्कल त्या भीतीतूनच आलीय. भीती काढली तर तो कावळ्यालाही ओरडेल, नाहीतर कशालाच ओरडणार नाही." त्यांनी पेन उचलून कागदावर ठिपके काढले आणि ते रेषांनी जोडले. "पण दुसरं पारडं जड करता येईल. वाडीतले सगळे राखण्ये एकमेकांना जोडू. एकाला दिसलं की सगळ्यांना कळेल, आणि प्रत्येकाला वाटेल, वाडीभरच्या कोंबड्या आपलं ऐकतायत. कुणी एकटा राहणारच नाही. श्रोताजाल!"

अन्वीनं टाळ्याच वाजवल्या.

चाचणी केंद्राच्या अंगणात झाली. एक राखण्या, एक कोंबडी, आणि तारेवरून सोडलेली कापडी मोरघार. वाडीतले राखण्ये जालातून जोडलेले होतेच, पण केंद्रातला हा राखण्या आपल्याला काय दिसतंय ते अजून त्यांना कळवत नव्हता, चाचणीपुरता फक्त त्यांच्याकडच्या कोंबड्या मोजत होता. कापडी मोरघार खाली येताच तो असा कडाडून ओरडला की इनामदारांच्या हातातला चहा सांडला. कोंबडी बाकाखाली. सगळे खूश.

अन्वीनं आपल्या घरची एक खुडूक कोंबडी पिल्लांसकट चंद्राकाकूंना नेऊन दिली. "आता बिनधास्त सोडा," ती म्हणाली. पण या वेळी "मी जबाबदार" म्हणायच्या आधी तिनं एकदा आभाळाकडे पाहून घेतलं. त्यानंतर मोरघार बरेच दिवस फिरकलीच नाही आणि अन्वीला त्याचंच टेन्शन यायचं. शाळेतही तिची मान खिडकीकडे. बाई म्हणाल्यासुद्धा, "भांगरे, वर्ग इकडे आहे, आभाळात नाही."

रविवारी सकाळी ती चंद्राकाकूंच्या ओट्यावर बसली होती. काकू सुपातून कण्या टाकत होत्या, कोंबडी "कुरूक कुरूक" करत पिल्लांना बोलावत होती. इतक्यात ओढ्यापलीकडून, अन्वीच्या घराकडून आवाज आला: "ट्रीऽऽई!" लगेच वरच्या आळीतून. मग शाळेकडून. वाडीभर राखण्ये ओरडू लागले. कोंबडीनं क्षणभर मान वर केली. पण आवाज लांबचा होता, आणि तिच्या डोक्यावरच्या पेरूत सगळं शांत. तिनं पुन्हा चोच खाली घातली.

"आली गं बया तिकडे कुठेतरी," काकू म्हणाल्या. "बरं झालं, आपल्याकडचा गप्प आहे. नाहीतर आपल्यालाही पळापळ."

अन्वीनं पेरूच्या झाडाकडे पाहिलं. आपल्याकडचा गप्प आहे. का गप्प आहे? जोडलेला आहे, जिवंत आहे. त्याचा काचेचा डोळा फिरत होता. हळूहळू, अगदी सावकाश, कशाच्या तरी मागे मागे, सरळ वर.

एका पारड्यात आपला जीव, दुसऱ्यात ऐकणाऱ्यांचा. पण ऐकणाऱ्यांना सांगायला आता बाकीचे सगळे होतेच की! लांबच्यांना ओरडायला काय जातंय, मोरघार त्यांच्या डोक्यावर थोडीच आहे? आणि ज्याच्या डोक्यावर ती आहे, त्या डब्यानं आता आपला जीव धोक्यात घालायचा कशाला? केंद्रातल्या चाचणीत हे दिसलं नाही, कारण तिथली मोरघार बाकी कुणाला दिसतच नव्हती. तिथे ओरडणारा एकटाच होता.

वाडीत जो गप्प, तिथेच ती.

"काकू, खाली बघू नका, वर बघा!" अन्वी ओट्यावरून उडी मारून परसाच्या मधोमध धावली. सावली तिच्याआधी पोचली होती. अन्वी कोंबडीवर आडवीच पडली, कोपरं टेकवून, पिल्लं पोटाखाली चिवचिवत असताना. पाठीवर वाऱ्याचा जाड फटकारा बसला, नखांनी ओढणी फाटल्याचा आवाज आला. ती जीव खाऊन ओरडली. शब्द नव्हतेच त्यात.

काकूंनी सूप फेकलं. पंखांचा आवाज वर गेला, लांब गेला.

"गेली! गेली गं पोरी!" काकू रडतच तिला उठवू लागल्या. "लागलं का कुठे? बघू पाठ."

अन्वीनं हळूच पोट उचललं. कोंबडी होती. पिल्लंही होती, सगळी. ती हसायला लागली, मग काकूही.

तेवढ्यात त्यांच्या डोक्यावर, पेरूच्या झाडात, राखण्या ओरडू लागला. "ट्रीऽऽई! ट्रीऽऽई!" घसा फाटेस्तोवर, अगदी शूरासारखा.

"आत्ता सुचलं होय रे तुला!" काकूंनी त्याच्याकडे मूठ उगारली.

अन्वी मात्र हसायची थांबली होती. वरची आळी ओरडत होती. शाळा ओरडत होती. ओढ्यापलीकडे, जिथे तिच्या शब्दाखातर आईनं सकाळीच खुराड्याचं दार उघडलं होतं, तिथे आता काहीच ऐकू येत नव्हतं.