धातूशिवाय, नुसत्या पाण्यात

आईने बाबांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सिंकखाली आडवे पडलेले होते. बाहेर फक्त पाय होते, आणि एका मोज्याला भोक.

"कोण आहे?" आईने विचारलं.

"शेजारच्या लॅबमधला," सिंकखालून उत्तर आलं. "कांडी वाहून गेली माझी."

कांडी म्हणजे बोटाच्या पेराएवढा, पांढऱ्या प्लॅस्टिकने मढवलेला चुंबक. चंबूत टाकायची, खाली यंत्र लावायचं, की ती आत गरगर फिरून सगळं ढवळत राहते. चंबू धुताना मात्र हमखास निसटून पाइपात जाते.

"माझीही आत्ताच गेली," आई म्हणाली.

"मग थांबा जरा."

पाइपाच्या वळणात बाबांनी दोरीला बांधलेला चुंबक सोडला. वर दोन कांड्या आल्या, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या.

"यातली तुमची कुठली?"

"दोन्ही सारख्याच दिसतायत."

"मग आवडेल ती घ्या."

"कांडीत काय आवडायचं असतं?" म्हणत आईने एक उचलली, आणि आभार मानायचं विसरून निघून गेली.

त्या आठवड्यात तिचा प्रयोग पहिल्यांदा जमला.

औषधं बनवताना रेणूला रेणू जोडावा लागतो. त्यासाठी महागडे धातू लागतात, उग्र वासाचे द्रव पिंपंच्या पिंपं लागतात, आणि ते सगळं शेवटी नदीच्या वाट्याला येतं. आईला हे काम धातूशिवाय, नुसत्या पाण्यात करायचं होतं. तिच्या पीएचडीचे आधीचे दोन विषय फसले होते. तिचे मार्गदर्शक सर स्पष्ट म्हणाले होते, "हा शेवटचा. नाही जमला तर नोकरी बघा." आता तेच सर कॉरिडॉरमध्ये शीळ घालत फिरू लागले.

पण त्यांचा एक नियम होता. परिषदेत काही सांगायचं, तर आधी तो निकाल दुसऱ्या कुणाच्या हातूनही आला पाहिजे. दुसरा हात म्हणून त्यांनी शेजारून ज्याला बोलावलं, त्याला सगळे शंकासुर म्हणत. आईने त्याला मोज्यावरून ओळखलं.

शंकासुराच्या हातून काहीच होईना. सकाळी चंबू लावावा आणि संध्याकाळी जसंच्या तसं पाणी बाहेर काढावं.

"तुम्ही नीट ढवळता तरी का?" आईने विचारलं.

"ढवळतं यंत्र. मी नुसता बघतो."

"मग बघण्यातच खोट असेल."

"असेल," बाबा म्हणाले. "तुमच्या टेबलाशी बसून बघून पाहू का?"

आईच्या टेबलावर रिॲक्शन झाली, त्यांच्या टेबलावर नाही. दोघांनी पाणी बदललं, पावडर बदलली, चंबू बदलले, जागा बदलल्या. प्रत्येकाची कांडी तेवढी ज्याची त्याच्याकडे राहिली; ढवळण्यात कोण डोकं घालतो? लॅबमधली थोरली ताई म्हणाली, "हिच्या हाताला गुण आहे. तुझ्या हाताला नुसता घाम." बाबा हसले आणि दुसऱ्या दिवशी नवी शंका घेऊन हजर झाले. पाणी कोमट हवं का? खिडकीतलं ऊन लागतं का? आई डोळे मिटते तेव्हा होते का? ही शेवटची शंका तपासायला त्यांनी बराच वेळ घेतला.

मग एका गुरुवारी ते आले, पण बसले नाहीत.

"एक सांगायचं होतं... तुमची कांडी माझी आहे."

त्यांनी ती उजेडात धरली. पांढऱ्या प्लॅस्टिकवर केसासारखे करडे ओरखडे होते. बाबांचं सगळं काम पॅलेडियमवर, आणि रेणू जोडण्यात त्या धातूचा हात धरणारं कुणी नाही. ओरखड्यात शिरला की तो धुऊन निघत नाही. आईची धातूशिवाय होणारी रिॲक्शन त्या ओरखड्यांतल्या धातूवर चालत होती.

"कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज गुरुवार आहे."

बाबांनी कांडी तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

"म्हणजे तीन दिवस तुम्ही माझी मजा बघत होतात," आई म्हणाली, आणि कोरी कांडी काढून चंबू लावला. संध्याकाळी चंबूत जसंच्या तसं पाणी होतं. गप्प बसली असती तर परिषदेपर्यंत कुणाला कळलं नसतं. ओरखड्यांची कांडी रुमालात गुंडाळून ती सरांकडे गेली.

सरांनी सगळं ऐकलं. कांडी बराच वेळ फिरवून पाहिली.

"यात धातू असून असून किती असेल?"

"ओरखड्यात मावेल तेवढा."

"आणि हीच कांडी तुम्ही धुऊन रोज वापरलीत?"

"हो."

"दर वेळी चालली?"

"चालली, सर."

"लोक चमचाभर घालतात आणि वर फेकून देतात," सर म्हणाले. "चुकलात, पण चांगल्या ठिकाणी चुकलात. नोकरी नंतर बघा, आधी शीर्षक बदला. आणि त्या शेजारच्याला बरोबर घ्या, धातू त्याचा आहे."

आई परत आली तेव्हा बाबा तिच्या टेबलाशी तसेच उभे होते.

"राहिले मी," ती म्हणाली. "आता सांगा. तीन दिवस गप्प का?"

इथे आई थांबते. पुढचं वाक्य बाबांचं असायचं. ते चष्मा पुसत बसायचे आणि आम्ही वाट बघायचो. बाबा गेल्यापासून तेही तीच म्हणते, तेवढाच वेळ थांबून.

"कांडी ओळखली म्हणालो असतो... तर इथे यायला निमित्त उरलं नसतं."

आईने उगाचच एक स्वच्छ चंबू पुन्हा धुवायला घेतला.

"उद्यापासून निमित्त न काढता यायचं," ती नळाकडे बघत म्हणाली.

"आणि हे काम संपल्यावर?"

"संपल्यावर येऊ नका, असं म्हटलंय का मी?" मग चंबू पालथा ठेवत, "बसायला स्टूल मात्र तुमचं तुम्ही आणा."

बाबांनी तेव्हाच्या तेव्हा जाऊन स्टूल आणलं. ते त्यांच्या लॅबच्या सरांचं निघालं. सर शोधत शोधत दारात आले, तशी दोघंही दचकून उभी राहिली. त्यांनी एकदा स्टुलाकडे पाहिलं, एकदा दोघांकडे.

"बसा, बसा," ते म्हणाले. "मी दुसरं बघतो."